ताटावरचं दव आणि माझी स्प्रे गन

पप्पांच्या मारुती ८०० च्या बॉनेटला कडेकडेने गंज फुटला, तेव्हा रंगाचं काम बाहेर द्यायचं नाही असं मी ठरवलं. आमचं घर गोव्यात, डिचोलीत. बॉनेट काढून पडवीत घोडीवर ठेवलं, गंज उतरवला, खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरली, घासली. इथवर हाताचं काम. पुढे गन.

गन वर कप असलेली, एचव्हीएलपी, म्हणजे कमी दाबाने जास्त हवा सोडणारी. प्रायमरला १.८ मिमीचा नोझल, रंगाला १.३ चा. कॉम्प्रेसर शेजारच्या दादाचा. ऑक्टोबरात प्रायमर मारला. सुकल्यावर बघतो तर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. तेलकट हात लागला असेल म्हणून घासून, पुसून परत मारला. पुन्हा तेच.

दादा म्हणाला, "रंग ओतूच नको. नुसती हवा सोड बघू." आईकडून स्टीलचं ताट आणलं आणि रिकामी गन वीतभरावरून त्यावर धरली. थोड्याच वेळात ताटावर बारीक थेंब उभे राहिले, पहाटे तुळशीच्या पानांवर असतात तसे.

पाणी हवेतलंच. आपल्याकडे ऑक्टोबरातही हवा ओलीच. कॉम्प्रेसरमध्ये ती दाबली की तापते आणि पुढे थंड होताना पाणी सोडते. हवेतलं पाणी अडवणारा माझा वॉटर सेपरेटर कॉम्प्रेसरला चिकटून बसवलेला. तिथे हवा अजून गरम, म्हणून वाफ त्यातून सरळ निघून जायची आणि पाइपात तिचं पाणी व्हायचं. मग दहा मीटर पाइप घेतला, मधली वेटोळी पाण्याच्या टबात बुडवली आणि सेपरेटर गनकडच्या टोकाला नेला. टाकीखालचा कॉक उघडला तर गंजकं पाणी आलं. तेव्हापासून काम सुरू करण्याआधी टाकी रिकामी करतो. ताट पुन्हा धरलं, कोरडं ठणठणीत!

रंग मात्र जानेवारीत घेतला. सकाळी दव असतं म्हणून साडेदहा वाजू दिले आणि तांबडी धूळ उडू नये म्हणून अंगणात पाणी शिंपडलं. दाब २९ पीएसआय ठेवला, पण तो ट्रिगर दाबून धरूनच वाचायचा. ट्रिगर सुटा असताना काटा वर दिसतो आणि हवा वाहायला लागली की खाली येतो. ही एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर बराच रंग वाचला असता. फवाऱ्याच्या रुंदीचा नॉब पूर्ण उघडा, रंगाचा नॉब आधी पूर्ण बंद करून मग दोन-अडीच फेरे उघडला.

पुठ्ठ्यावर पहिला फवारा मारला तर आकार केळ्यासारखा वाकडा. गनच्या तोंडावरची, हवा सोडणारी एअर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारला, वाकही उलट्या बाजूला गेला. म्हणजे दोष कॅपमध्येच. नोझलमध्ये असता तर वाक जागचा हलला नसता. कॅप थिनरमध्ये भिजवली आणि केरसुणीच्या हिराला टोक काढून कॅपच्या कडेला पुढे आलेल्या शिंगाचं भोक मोकळं केलं. तार घालू नये, भोक मोठं होतं. पुढचा फवारा लांबट, दोन्ही टोकांना सारखा. मध्ये रंग साचला तर दाब कमी किंवा रंग घट्ट, आणि मध्ये विरळ पडून आठाचा आकडा दिसला तर दाब जास्त.

मग बॉनेटवर पट्टे मारले, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर चढवत. हात मनगटातून न वळवता सरळ नेला. तीन कोट, कुठे ओघळ नाही.

रंगावरचा पारदर्शक चकाकीचा थर, म्हणजे लॅकर, घरी मारला नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं; फुप्फुसांना ते फार वाईट आणि साध्या मास्कवर भागत नाही. रंग सुकल्यावर त्याच दुपारी बॉनेट पिकअपमध्ये घालून रंगकामाचा बंदिस्त बूथ असलेल्या गॅरेजमध्ये नेलं. तिथल्या पेंटरने ते उजेडात तिरकं धरून कडेपासून कडेपर्यंत बघितलं, घासायला कागद मागितला नाही, सरळ गन उचलली.