ऑइल कूलर, भाग ४: चार अंशांचं कोडं सुटलं

मंडळी, सापडलं! इंजिनचं तेल गार करणारा कूलर बसवूनसुद्धा तेल १३३ अंशांवर का चढत होतं, याचं उत्तर अखेर हाती लागलं. परवा ट्रॅकवर सलग सहा लॅप मारले. बाहेर २६ अंश होतं, आणि तेलाचा काटा ११८ वर जाऊन तिथेच थांबला. चौथ्या लॅपला काट्याकडे बघून पाय उचलायची सवयच लागली होती. या वेळी तो उचलावा लागला नाही, आणि उतरल्यावर किती तरी वेळ मी नुसता बॉनेटपाशी उभा होतो.

गेल्या भागात होज (तेलाच्या लवचिक नळ्या) ओढून झाले होते, सगळे जोड कोरडे होते, तिथे थांबलो होतो. मांडणी पुन्हा एकदा सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. ईजे२० वर, म्हणजे माझ्या गाडीच्या सुबारू टर्बो इंजिनावर, फिल्टरच्या डोक्यावरचा मूळचा पाणी-तेल एक्स्चेंजर तसाच ठेवला. त्याखाली मोकालची थर्मोस्टॅटवाली सँडविच प्लेट (तेल तापल्यावरच ते कूलरकडे सोडणारी चकती), तिथून एएन-१० मापाचे होज, आणि उजव्या फॉग लॅम्पच्या पोकळीत सेट्रॅबचा १६ रोचा (तेलाच्या सोळा ओळींचा) कूलर, तोंडं वरच्या बाजूला, म्हणजे आत हवा अडकायला नको. एक्स्चेंजर काढून टाक, असं मला अनेकांनी सुचवलं. मी काढला नाही आणि काढणारही नाही. थंड इंजिनात पाणी तेलाच्या आधी तापतं आणि हाच एक्स्चेंजर तेलाला वर आणतो. तेल सत्तरच्या आसपास रेंगाळत राहिलं तर त्यात उतरलेलं पेट्रोल आणि पाणी उडून जात नाही. तेही बेअरिंगच्या मुळावर येणारंच.

तर, कूलरशिवाय चौथ्या लॅपला १३७. कूलर लावून १३३. दोन रविवार गाडीखाली घालवून चार अंश! ४० ग्रेडचं तेल १०० अंशांना किमान १२.५ सेंटिस्टोक्स (दाटपणाचं माप) असतं, १३५ च्या आसपास ते साधारण निम्म्यावर येतं. ईजेची रॉड बेअरिंग तशीही नाजूक म्हणूनच ओळखली जातात. वर त्याच तेलावर टर्बोची शाफ्टही फिरते आहे. हे आकडे बघून मला चैन पडेना.

पहिला संशय सेन्सरवर. काढून उकळत्या पाण्यात धरला, ९९ दाखवले. म्हणजे तो बरोबर. दुसरा संशय थर्मोस्टॅटवर, आणि इथे मी जवळजवळ नवीन प्लेट मागवणारच होतो. सोबत २५ रोचा कूलरही, कारण ‘लहान पडत असेल’ हा विचार डोक्यातून जाईना. मग रात्री वहीत आकडेमोड करताना लक्षात आलं की मी फक्त कूलरकडे जाणारं तेल मोजतोय. कूलरमधून बाहेर पडणाऱ्या तेलाचं तापमान मला माहीतच नाही. आणि सगळं तिथेच कळणार होतं. तेल कूलरमधून नीट वाहत नसेल, तर जे थोडंफार जातं ते खूप वेळ आत राहून चांगलंच गार होऊन बाहेर येईल. तेल भरपूर वाहतंय पण हवा उष्णता नेत नसेल, तर ते जसं गेलं तसंच परत येईल.

म्हणून बाहेरच्या तोंडाला दुसरा सेन्सर लावायचं ठरवलं, आणि तो बसवायला लागणाऱ्या एका अडॅप्टरने आठवडा खाल्ला. पार्सल आलं, अडॅप्टर हाताने छान फिरला, पाना लावल्यावर घट्टही झाला. इंजिन सुरू केलं, गार तेलाचा दाब ५ बारवर गेला, आणि निळ्या अ‍ॅनोडाइज्ड फिटिंगच्या कडेने तेलाची चमकदार रेघ सावकाश खाली सरकू लागली. अर्धा वळसा आणखी आवळलं, तरी रेघ तशीच. व्हर्नियर लावला तेव्हा उलगडलं. पुरवठादाराने एका बाजूला एएन-१० ऐवजी ५/८ बीएसपीचा (ब्रिटिश पाइप आट्यांचा) नट दिला होता. दोन्हींचे आटे इंचाला १४ च. एएन-१० चा बाहेरचा व्यास २२.२ मिलिमीटर, बीएसपीचा २२.९. त्यामुळे बीएसपीचा नट एएनच्या मेल फिटिंगवर बिनतक्रार चढतो, आवळलाही जातो. पण जोड जिथे टेकतो त्या निमुळत्या तोंडाचा कोन एएनमध्ये ३७ अंशांचा, बीएसपीमध्ये ३० चा. दोन्ही तोंडं एका बारीक रेषेवर टेकतात, आणि दाबाखालचं तेल त्या रेषेला जुमानत नाही. कृपा करून प्रत्येक नवीन फिटिंग आधी व्हर्नियरने मोजा. हा जोड ट्रॅकवर सुटला असता तर सगळं तेल हेडरवर (एक्झॉस्टच्या तापलेल्या नळ्यांवर) सांडलं असतं.

योग्य अडॅप्टर आला, सेन्सर बसला, पुन्हा ट्रॅक. आत जाणारं तेल १३३, बाहेर येणारं १३०. तीन अंशांचा फरक! म्हणजे तेल धो धो वाहत होतं. थर्मोस्टॅट निर्दोष, प्लेट निर्दोष. दोष हवेत होता.

आता हवा मोजायची कशी? दीड मीटर पारदर्शक नळी घेतली, फळीवर यू आकारात बसवली, शाई घातलेलं पाणी भरलं, शेजारी मिलिमीटरची पट्टी चिकटवली. एक टोक कूलरच्या पुढे, दुसरं मागे. मित्र शेजारच्या सीटवर फळी मांडीवर घेऊन बसला. ताशी १०० ला समोरून येणारी हवा पूर्ण अडवली तर साधारण ४७ मिलिमीटर पाण्याइतका दाब मिळतो, हे गणित आधीच करून ठेवलं होतं. आम्हाला कूलरच्या आरपार मिळाला ७.

साहजिकच वाटलं, हवा बाजूने निसटतेय. पत्र्याचा डक्ट केला, कडांना फोमची पट्टी लावली, एक फट ठेवली नाही. पुन्हा मोजलं, १०. इथे मी खरंच हताश झालो. मग मित्रानेच विचारलं, “पुढचा आणि मागचा दाब वेगवेगळा का नाही मोजत?” नळीचं एक टोक केबिनमध्ये मोकळं ठेवलं आणि दोन फेऱ्या मारल्या. पुढे ३८. मागे २८.

हवा आत व्यवस्थित येत होती. तिला बाहेर जायलाच वाट नव्हती! कूलरच्या मागे व्हील आर्चचा (चाकावरच्या कमानीचा) प्लास्टिक लायनर, सगळीकडून बंद. ती सगळी पोकळी फुग्यासारखी भरून बसली होती. २५ रोचा कूलर लावला असता तरी तो याच फुग्यात बसला असता.

लायनर उतरवला आणि टायरच्या बरोबर समोर ३० मिलिमीटरची सात भोकं पाडली. फरक १३ वर आला. अपेक्षेपेक्षा फारच कमी, आणि एका पावसात कूलरच्या मागच्या फिन्सवर चिखलाचा थर. फिरणारा टायर स्वतःच हवा आणि चिखल पुढे फेकतो, तो थेट त्या भोकांवर आदळत होता. मग भोकांचा तुकडाच कापून टाकला आणि तिथे १ मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्याची झडप रिव्हेट केली. चार आडव्या फटी, प्रत्येकीची ओठासारखी कड खाली आणि बाहेर वळवलेली. टायरने फेकलेलं त्या ओठावर आपटून खाली जातं, आणि आतली हवा ओठाआडून निघून जाते. कडा वळवायला लाकडाचा ठोकळा आणि रबरी हातोडा पुरला. कानस मात्र बारीकच घ्या, नाहीतर पत्र्याला दाते राहतात आणि तिथूनच तडा सुरू होतो.

आरपार फरक २२! मित्राने आकडा ओरडून सांगितला तेव्हा मी त्याला तीनदा विचारलं.

ट्रॅकवर त्याचा अर्थ असा: आत ११८, बाहेर १०८. गरम तेलाचा दाब ६००० आरपीएमला ४.२ बार असायचा, आता ४.८. रोजच्या रस्त्यावर तेल ९२ ते ९६ मध्ये राहतं, म्हणजे थर्मोस्टॅट आपलं काम चोख करतोय. मोकालच्या प्लेटबद्दल मनात आणलेले सगळे संशय मागे घेतो, उत्तम वस्तू आहे.

होजबद्दल एकच सांगतो. स्टीलची जाळीवाला होज मी पुन्हा घेणार नाही. एक महिन्यात त्याने सबफ्रेमचा रंग घासून पत्रा उघडा पाडला. नायलॉनच्या जाळीचा हलका आहे, कापायला सोपा आहे आणि शेजारच्या वस्तू खात नाही. कापताना जागेवर टेप घट्ट गुंडाळून मधोमध बारीक दात्याची करवत चालवा, जाळी पिंजत नाही. आणि तेलाची पातळी थर्मोस्टॅट उघडल्यानंतरच बघा. १४ मिलिमीटर पोटाच्या दोन मीटर होजमध्येच ३०० मिली तेल बसतं, कूलरचं वेगळं.

पुढचा बेत होता, डाव्या फॉग पोकळीत दुसरा कूलर. तो रद्द केला होता. पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट सुचली. हवा व्हील आर्चमध्ये न सोडता बंपरच्या तळातून खाली काढली तर? गाडीखाली वेगाने वाहणारी हवा तसंही ओढतेच. तळाला फट आणि तिच्या पुढच्या कडेला १५ मिलिमीटरची पट्टी उभी लावली तर मागचा दाब शून्याच्या खालीही जाईल, असं वाटतं. तसं झालं तर झडप बंद करून चिखलाचा प्रश्नच मिटवता येईल. पट्टी आधी पुठ्ठ्याची आणि टेपने चिकटवलेली, म्हणजे नळीतला आकडा बघून जागा बदलता येईल. मित्राला फळी घेऊन रविवारी सकाळी सहाला बोलावलंय.