बोटीचा रंग आणि गोगलगायींचं वाटोळं

जहाजाच्या बुडाला बार्नेकल (चिकटून राहणारे कवचवाले छोटे समुद्री जीव), शेवाळ वगैरे चिकटलं की जहाज जड चालतं, इंधन जास्त पितं, म्हणून तिथे विषारी रंग मारतात आणि १९६० नंतर या रंगात ट्रायब्युटिलटिन म्हणजे टीबीटी आलं, कथलाचं संयुग. काम एकदम झकास करायचं. पण हा रंग विष हळूहळू पाण्यात सोडूनच काम करतो ना, मग ते फक्त बार्नेकललाच लागेल असं थोडंच आहे?

१९७० च्या सुमारास इंग्लंडात प्लिमथला डॉगव्हेल्क नावाच्या समुद्री गोगलगायींच्या माद्यांना चक्क शिश्न दिसलं! अमेरिकेतही दुसऱ्या एका जातीत तेच, याला इम्पोसेक्स म्हणतात. टीबीटीशी धागा जुळायला मात्र १९८१ उजाडलं.

नुसतं शिश्न आलं असतं तर एक वेळ चाललं असतं हो, पण मादीच्या अंगात शुक्रवाहिनीपण वाढते आणि वाढता वाढता अंडी बाहेर पडायचं तोंडच बुजवून टाकते. आत अंड्यांच्या कुप्या तयार होतच राहतात, बाहेर यायला वाट नाही, साचून साचून शेवटी मादी मरते. आणि विष किती, तर लिटरभर पाण्यात साधारण एक नॅनोग्रॅमपासून सुरुवात, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग!! त्यात डॉगव्हेल्कची पिल्लं पाण्यावर तरंगत लांब जात नाहीत, कुपीतून निघतात ती सरपटतच, त्यामुळे एका खडकावरच्या माद्या संपल्या की बाहेरून भर पडणं मुश्कील.

(केंटमध्ये डम्पटन गॅपला काही नरांचं शिश्न जन्मतःच खुरटं असायचं, तोच जनुकीय दोष असलेल्या माद्या मात्र तगल्या. बोला आता.)

पण बंदी गोगलगायीमुळे नाही आली. फ्रान्सला आर्काशाँच्या खाडीत कालवांचे शिंपले जाड, बेढब व्हायला लागले, धंदा बसला, तेव्हा कुठे १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा छोट्या बोटींवर निर्बंध आले. ब्रिटनमध्ये १९८७. जगभरच्या जहाजांसाठीचा करार २००१ ला झाला आणि लागू झाला २००८ ला, म्हणजे प्लिमथनंतर जवळपास चाळीस वर्षांनी, माझं डोकं इथेच फिरतं.

बऱ्याच ठिकाणी डॉगव्हेल्क परत आलेत, बंदरांच्या गाळात मात्र टीबीटी अजून सापडतं. रंगात आता मुख्यतः तांबं असतं, जोडीला सायब्युट्रिन हे शेवाळ मारणारं रसायन घालायचे, त्यावरही २०२३ पासून बंदी आली.