‘सुगंध’ची पाटी : कागद चिकटवण्याची आणि सोडवण्याची नोंद

लाकडातून अक्षरं कापायची तर शब्दाचा छापील कागद, म्हणजे पॅटर्न, आधी लाकडावर चिकटवायचा आणि कापून झाल्यावर काढायचा. आज सकाळी माझ्या सागवानी ‘सुगंध’मधला ‘सु’चा उकार कागदाखालून मोकळा झाला आणि शाबूत राहिला. मे महिन्यात हाच उकार दोनदा तुटला होता. दोन्ही वेळा करवतीचा दोष नव्हता, कापून झाल्यावर कागद काढताना तो गेला. गेले दोन महिने मी करवतीपेक्षा कागदाच्याच मागे लागले आहे. आता कुठलाही पॅटर्न चिकटवण्याआधी मी पहिला प्रश्न हाच विचारते, की हा निघणार कसा?

काम धाकट्या भावाच्या नव्या घराच्या पाटीचं. शब्द ‘सुगंध’, लांबी २६ सेंटीमीटर, म्हणजे आडव्या ए४ कागदावर बसतो. लाकूड सागवान. आमच्या सुतारकाकांकडे दाराच्या चौकटीतून उरलेले तुकडे होते, त्यांनी रंधा मारून १२ मिलीमीटरचे करून दिले. मशीन १६ इंची स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक ब्लेडने वळणं कापणारी विजेची करवत. ब्लेड बिनपिनेचं, म्हणजे टोकांना आडवी पिन नसलेलं, ५ नंबरचं. सागवानात सिलिका असते, त्यामुळे ब्लेडची धार लवकर जाते. प्रत्येक पाटीला दोन ब्लेड लागणार हे धरूनच चालते.

प्रिंट काढताना एक गोष्ट पाहाच. प्रिंटरच्या खिडकीत ‘पानात बसवा’ असं काही निवडलेलं असेल तर ते काढा आणि आकार १०० टक्के ठेवा. पाटीमागची फळी आधीच मापाने कापलेली असेल तर चार-पाच मिलीमीटरचा फरकही डोळ्याला खुपतो.

९ मे

पहिला प्रयत्न शाळेत शिकलेल्या पद्धतीने केला. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही फ्रेट सॉने, म्हणजे हाताच्या बारीक करवतीने, प्लाय कापायचो, तेव्हा पांढरा गोंद थोडा पातळ करून कागद थेट लाकडावर बसवायचो. कापताना काही म्हणजे काही त्रास झाला नाही. कागद जराही हलला नाही, रेघ शेवटपर्यंत स्पष्ट दिसली.

मग ओलं फडकं दहा मिनिटं ठेवलं. कागदाचा लगदा झाला, बोटाने चोळून काढावा लागला, आणि चोळताना उकार मानेपाशी तुटला. मी लाकडाचे रेषे आडवे ठेवले होते, शिरोरेषा भक्कम राहावी म्हणून. पण मग उभे दांडे आणि उकाराची मान रेषांना आडवी जाते, आणि तिथे १२ मिलीमीटरचं सागवानसुद्धा बिस्किटासारखं मोडतं.

नुकसान तेवढ्यावर थांबलं नाही. पाण्याने रेषे उभे राहिले, पृष्ठभाग खरखरीत झाला. इंकजेटची शाई पसरून निळसर ओघळ उतरला. आणि सागवानाची छिद्रं मोठी, त्यात गोंद आणि लगदा जाऊन बसला. सुकल्यावर दिसत नाही, पण तेलाचा हात मारला की प्रत्येक छिद्रात पांढरा ठिपका उमटतो. तुटलेल्या तुकड्यावर मी तेल लावून पाहिलं तेव्हा हे कळलं. भिंगातून पाहिलं तर तांदळाच्या कण्या पेरल्यासारख्या दिसत होत्या.

१४ मे

स्प्रेचा गोंद, थेट लाकडावर. फवारा फक्त कागदाच्या पाठीवर, वीतभर अंतरावरून, आणि मिनिटभर थांबून चिकटपणा आल्यावर बसवायचा. मी दोनदा फवारला, ते चुकलं. पकड इतकी घट्ट, की काढताना कागद निम्मा आला आणि निम्मा पापुद्र्यासारखा लाकडावरच राहिला. पातळ पात्याने खरवडायला गेले आणि उकार पुन्हा गेला.

उरलेल्या भागावर मात्र शिकायला मिळालं. त्यावर ब्रशने टर्पेंटाइन लावलं. कागद पारदर्शक होत गेला, तीन-चार मिनिटांत खालचा गोंद मऊ पडला आणि अख्खा तुकडा सरकत बाजूला आला. टर्पेंटाइनमध्ये पाणी नसतं, म्हणून लाकूड फुगत नाही, रेषे उठत नाहीत. नंतर कोरड्या फडक्याने पुसायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं, मगच तेल किंवा पॉलिश. हे काम गच्चीवर करा, मशीन बंद ठेवून, आणि ती फडकी घरात बोळा करून टाकू नका, बाहेर दोरीवर पसरून वाळवा.

२२ मे

दोन पाट्या वाया गेल्यावर शब्द बाजूला ठेवला आणि चाचणीला बसले. सागवान, पाइन, ६ मिलीमीटरचा प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी), प्रत्येकाच्या पट्ट्यांवर एकच नमुना वेगवेगळ्या तऱ्हेने चिकटवला. प्रत्येक पट्टीच्या मागे तारीख आणि पद्धत लिहिली.

खळ करून पाहिली, मैद्याची, शिजवून. लहानपणी आकाशकंदिलाचे कागद आम्ही खळीनेच चिकटवायचो, त्यामुळे हात आपोआप वळला. पकड छान आहे, पण कागद ओला होऊन ताणला जातो आणि वाळताना सुरकुततो. अक्षरांच्या कामात हे चालणार नाही, रेघच वाकडी होते. एमडीएफवर तर खळीच्या पाण्यानेच पृष्ठभाग फुगला. खळ कंदिलालाच ठेवावी.

गोंदाची कांडी थेट लाकडावर लावली तर मध्यम निकाल. आमच्या नागपुरी उन्हात ती अर्धा कागद घासून होईपर्यंत वाळते, कडा उचलल्या जातात. त्यात मी कूलरसमोर काम करत होते. कूलरची ओलसर हवा सतत कागदावर येते, दुपारपर्यंत कोपरे वर आलेले. आता कापताना कूलरचा झोत भिंतीकडे वळवते आणि घाम पुसायला पंचा खांद्यावर ठेवते.

जमलं ते हे. लाकूड आधीच घासून घ्यायचं, आधी १२० आणि मग २२०च्या पॉलिश पेपरने, आणि भुसा पूर्ण झटकायचा. ब्रश मारून झाल्यावर मी तळहात फिरवते, हाताला पावडर लागली तर पुन्हा झटकते, कारण टेप धुळीला चिकटते, लाकडाला नाही. मग मास्किंग टेपच्या पट्ट्या कडेला कड लावून, एकमेकींवर न चढवता. चढवली तर तिथे उंचवटा होतो आणि कागदाखाली पोकळी राहते. टेपवर गोंदाची कांडी किंवा स्प्रेचा एकच हलका हात, त्यावर पॅटर्न, आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने मधून बाहेर दाबत न्यायचं. सगळ्यात वर पार्सलची पारदर्शक टेप.

ही वरची टेप मी आधी फालतू खर्च समजत होते. पण एकाच सागवानी पट्टीवर अर्ध्या भागाला लावली, अर्ध्याला नाही, आणि फरक उघड दिसला. बिनटेपच्या भागात वळणावर ब्लेड घासून लाकूड काळं पडलं, टेपच्या भागात कड पिवळसरच राहिली. जाणकार सांगतात की गुंडाळीतून सहज सुटावी म्हणून या टेपच्या पाठीवर निसटता लेप असतो आणि तो ब्लेडला वंगणासारखा उपयोगी पडतो. शाईसुद्धा टेपखाली राहते, घामाचा हात लागला तरी रेघ पुसत नाही.

प्लायबद्दल वेगळं सांगते. त्याचा वरचा थर कागदासारखा पातळ असतो. टेप रेषांच्या आडवी ओढली तर कडेचे कुसळ घेऊनच वर येते. रेषांच्या दिशेने, टेप मागे दुमडून, जवळजवळ पृष्ठभागाला चिकटून ओढली की थर जागेवर राहतो.

१७ जून

२२ मेच्या पट्ट्यांतली एक गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत विसरले होते. ४५ अंशांच्या दिवसांत त्या खोलीत हात लावावा अशी एक वस्तू नसते. परवा पहिला चांगला पाऊस झाला, खोली उघडली आणि पट्टी सापडली. मास्किंग टेप भाजली होती, चिंध्या-चिंध्या होऊन निघाली आणि गोंद सागवानात मागे राहिला. केस वाळवायच्या ड्रायरने गरम केल्यावर टेप जरा सलग आली, राहिलेला गोंद टर्पेंटाइनने पुसला. पॉलिश पेपरने घासायचा मोह आवरा. गोंद गरम होऊन पेपरच्या दाण्यांत भरतो, पेपर दोन मिनिटांत निकामी होतो आणि गोंद लाकडात आणखी खोल जातो.

आता माझा नियम असा, की टेप लावल्यापासून तीन दिवसांत कापून, सोलून मोकळं व्हायचं.

पावसाळ्यात उलट अडचण. हवा दमट झाली की टेप सागवानावर धरतच नाही, त्यात सागवान मुळातच तेलकट. टेप लावायच्या आधी थिनरचं फडकं एकदा फिरवते, पूर्ण उडून जाऊ देते आणि लगेच टेप लावते. तेवढ्याने पकड येते.

२६ जून

आता ‘ध’बद्दल, कारण देवनागरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला तो भेटणार. ‘सुगंध’मध्ये ‘सु’ आणि ‘ग’ शिरोरेषेने जोडलेले आहेत. पण ‘ध’च्या डोक्यावर रेघ तुटते, म्हणून तो सुटा पडतो. पहिल्या पॅटर्नमध्ये मी रेघ सरळ पुढे नेऊन त्याला जोडला, आणि भावाने फोटो पाहून विचारलं, “ताई, हे सुगंघ का लिहिलंस?” खरंच, रेघ जोडली की ‘ध’चा ‘घ’ होतो. तिथे पूल बांधता येत नाही. अनुस्वार तर मुळातच अधांतरी.

म्हणून आता शब्द तीन तुकड्यांत कापते आणि मागे शिवण झाडाच्या लाकडाची फिकट फळी देते. तुकडे नेमके जागेवर बसावेत म्हणून त्याच पॅटर्नची दुसरी प्रत मागच्या फळीवर टेपवर चिकटवली. त्यातली अक्षरं कटरने कापून खिडक्या केल्या. खिडकीत गोंद लावायचा, अक्षर बसवायचं, बाहेर आलेला गोंद कागदावरच राहतो, आणि मग कागद सोलून टाकायचा. खिडकी रेघेच्या केसभर बाहेरून कापा, नाहीतर कागदाची कड अक्षराखाली अडकते.

३ जुलै

अनुस्वार कापायला लाकडाच्या खालच्या बाजूलाही पार्सलची टेप लावली, नाहीतर तो शेंगदाण्याएवढा तुकडा मशीनच्या टेबलातल्या ब्लेडच्या भोकातून खाली जातो. ‘स’च्या पोटात १.५ मिलीमीटरचं भोक पाडून आतलं आधी कापलं, बाहेरची रेघ सगळ्यात शेवटी.

सोलताना शब्द रबरी चटईवर सपाट ठेवला. कटरच्या टोकाने प्रत्येक मानेपाशी टेप तोडून घेतली, म्हणजे एकाची ओढ दुसऱ्याला लागत नाही. सुरुवात शिरोरेषेकडून, कारण ती रेषांच्या दिशेने आहे, भक्कम आहे. तिथून मोकळ्या टोकाकडे, टेप मागे दुमडत, आणि सुटणाऱ्या जागेच्या अगदी पुढे डाव्या हाताचं बोट दाबून. उकारापाशी आले तेव्हा कूलरसुद्धा बंद केला. टेप ‘सर्र’ करत आली, मान जागेवर राहिली, खाली सागवान कोरडं, छिद्रं काळी आणि स्वच्छ.

अनुस्वार औषधाच्या डबीत ठेवला आहे. रविवारी सुतारकाका क्लॅम्प घेऊन येणार आहेत, तेव्हा ‘ध’ पहिला बसवू.