बाईंचा लाल शाईतला प्रश्न

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे पत्र हाती आले तेव्हा मला ना पटांगण आठवले, ना प्रार्थना. आठवली ती विज्ञानाच्या बाईंनी माझ्या वहीत लाल शाईने लिहिलेली एक ओळ. बाईंचे नाव या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

नववीत ‘तंबाखूचे दुष्परिणाम’ या निबंधाला मला तालुक्यात पहिले बक्षीस मिळाले होते. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी दिवसातून चार-पाच वेळा लावणाऱ्या माझ्या आजीला मी त्यात, नाव न घेता, चांगलेच झोडपले होते. सगळ्यांनी पाठ थोपटली, बाईंनी मात्र खाली लिहिले, “आजीला विचारलेस का?” ती आजीच होती हे त्यांनी कसे ओळखले, ते मला आजही उमगलेले नाही.

मी विचारले. आजी म्हणाली, “आता गोडी कसली रे? पण डबी दिसली की हात जातोच.” बाईंनी ते वाक्य तारखेनिशी वहीत उतरवून घ्यायला लावले आणि त्यात माझे मत मिसळू नये, असे बजावले.

पुढे संशोधक विद्यार्थी असताना मिशिगन विद्यापीठातील टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांचा 1993 सालचा सिद्धांत वाचनात आला. एखादी गोष्ट आवडणे आणि तिची ओढ लागणे ही मेंदूतील दोन वेगळी कामे असून व्यसनात ओढ वाढत जाते, आवड वाढतेच असे नाही, असे त्यांचे म्हणणे. मेंदूतील डोपामिन हे संदेशवाहक रसायन जवळजवळ नाहीसे केलेले उंदीर जिभेवर साखरेचे पाणी पडताच जिभल्या चाटत, पण समोरच्या अन्नाकडे स्वतःहून वळत नसत, हे बेरिज यांनी आधीच दाखवले होते. व्यसनी मेंदूत याच्या उलट घडते: डबी, चुना, ठरावीक वेळ अशा खुणांनीच ओढीची ही यंत्रणा पेटून उठते. माझ्या कानात आजीचाच आवाज घुमला, आणि त्यानंतरची सारी वर्षे मी याच विषयात घालवली. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी यंत्रांपाशी जाण्याआधी रुग्णाशी तासभर बोलायला पाठवतो. ही शिस्त बाईंची.

बाईंची प्रयोगशाळा आता संगणक कक्ष झाली आहे. स्पिरिटच्या वासाविना ती खोली मला ओळखूच आली नाही.

प्रबंध मान्य झाल्यावर मी बाईंना प्रत पाठवली होती. उलटटपाली पोस्टकार्ड आले: “आजीची डबी सुटली का?” सुटली नव्हती. शेवटच्या आजारपणातही ती तिच्या उशाखालीच होती, आणि हे बाईंना कळवायचे माझ्याकडून राहून गेले.