आमची वाटचाल: पाकिटातला जिवंत माल

आमच्या उद्योगाची सुरुवात एका पेट्री डिशपासून झाली. जिवाणू वाढवायच्या पांढरट गढूळ माध्यमावर जिवाणूंचे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती काचेसारखं स्वच्छ वलय. पिकोव्स्काया यांनी १९४८ मध्ये मांडलेलं हे माध्यम. त्यात पाण्यात सहज न विरघळणारं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं. जिवाणू ग्लुकोनिक आम्लासारखी सेंद्रिय आम्लं सोडतात, फॉस्फेट विरघळतं आणि तेवढा भाग पारदर्शक होतो. ते वलय पाहिलं आणि आपण स्फुरद (फॉस्फरस, पिकाचं एक मुख्य अन्नद्रव्य) विरघळवणाऱ्या जिवाणूंचंच खत बनवायचं, हे पक्कं झालं.

जमिनीत स्फुरद बहुधा असतोच, पण अडकून पडलेला. चुनखडीच्या जमिनीत तो कॅल्शियमशी बांधला जातो, आम्लधर्मी जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियमशी. वरून घातलेल्या खतातलाही बराचसा भाग याच वाटेने जातो.

आम्ही सर्वांत मोठं वलय देणारा जिवाणू निवडला आणि तिथेच चुकलो. चुनखडीची जमीन आम्ल येईल तसं शोषून निष्प्रभ करते. डिशमध्ये जिवाणूंना याला तोंड द्यावं लागत नाही. पुढे आम्ही सामू (पीएच) सहजी घसरू न देणारं बफर माध्यमात मिसळून चाचण्या घेतल्या, तेव्हा मोठ्या वलयाचे बरेच जिवाणू गळाले. काही लहान वलयवाले मात्र टिकले.

त्याहून जिव्हारी लागला तो पाकिटांचा अनुभव. एका शेतकऱ्याने बीजप्रक्रिया करून उरलेलं पाकीट परत आणून दिलं. म्हणाले, "काहीच फरक पडला नाही." ते पाकीट तपासलं, तर आमचे जिवाणू अगदी मोजके आणि भलतेच जंतू मात्र उदंड. ज्यात जिवाणू मिसळून भरतो ते लिग्नाइट (एक प्रकारचा कोळसा) पुरेसं निर्जंतुक झालं नव्हतं, शिवाय माल वाटेत उन्हात राहिला होता. भरताना मोजलेल्या संख्येवर आम्ही निर्धास्त होतो. शेतकऱ्याच्या हातात पडेल त्या दिवशी किती जिवंत आहेत, हे कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांचा हंगाम गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा आमचा भर सुडोमोनास या जिवाणूवर होता. तो बीजाणू (कठीण काळात तग धरणारं सुप्त रूप) तयार करत नाही, त्यामुळे उष्णता आणि कोरडेपणा त्याला सोसवत नाही. बॅसिलस मेगाटेरियम हा दुसरा जिवाणू बीजाणूरूपात तग धरतो (शास्त्रज्ञ आता त्याला प्रिस्टिया म्हणतात). आम्ही त्याच्याकडे वळलो आणि द्रवरूप खतही सुरू केलं. आता प्रत्येक घाण्यातल्या काही बाटल्या मुदत संपेपर्यंत आमच्याच फळीवर राहतात आणि दर महिन्याला त्यांतल्या जिवंत पेशी मोजल्या जातात. संख्या ढासळली की तो घाणा बाजारातून परत घेतो.

हे जिवाणू नवा स्फुरद निर्माण करत नाहीत, असलेला मोकळा करतात. म्हणून ग्राहकाकडे आधी माती परीक्षणाचा अहवाल मागतो. उपलब्ध स्फुरद आधीच भरपूर असेल, तर यंदा आमची बाटली घेऊ नका, असं स्पष्ट सांगतो.