गॅरामाँड नेमका कोणाचा?

मुद्रणाच्या इतिहासाचा संग्रह म्हटलं की डोळ्यांसमोर काचेच्या पेटीतलं गुटेनबर्गचं बायबल येतं. माझा जीव मात्र नमुनापत्रांत अडकलेला. आपल्याकडे कोणते टाइप, म्हणजे छपाईची अक्षरवळणं, आहेत हे गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी छापलेले हे कागद, काम झालं की रद्दीत जायचे. ज्यांनी ते सांभाळून ठेवले त्यांचे माझ्यासारख्या अक्षरं रेखाटणाऱ्यावर फार उपकार आहेत.

गॅरामाँड या प्रसिद्ध टाइपचा घोळ अशाच एका नमुन्यानं सुटला. पॅरिसच्या सरकारी छापखान्यातली जुनी अक्षरं सोळाव्या शतकातला फ्रेंच अक्षर-कोरक क्लोद गॅरामाँड याची, असं सगळे धरून चालले होते. त्यांवरून नवे टाइपही निघाले. मुद्रणाच्या अभ्यासक बिआट्रिस वॉर्ड तेव्हा अमेरिकन टाइप फाउंडर्स या टाइप बनवणाऱ्या कंपनीच्या ग्रंथालयात काम करत. तिथले प्रमुख हेन्री बुलन त्यांना म्हणाले होते की, त्या शतकातल्या एकाही पुस्तकात हा टाइप मला दिसलेला नाही. ती शंका वॉर्डबाईंच्या मनात राहिली. पुढे पॅरिसच्या माझारीन ग्रंथालयातल्या १६२१च्या नमुनापुस्तिकेत त्यांना तीच अक्षरं सापडली. ती होती सतराव्या शतकातला फ्रेंच मुद्रक झाँ जानों याची! गॅरामाँड तर १५६१ सालीच वारला होता. १९२६ साली बाईंनी हे सगळं लिहिलं, तेही पॉल बोझाँ या पुरुषी टोपणनावानं.

मग गॅरामाँडचं अस्सल काम कुठे पाहायचं? बेल्जियममधल्या अँटवर्पला. तिथला क्रिस्तोफ प्लांतँचा १५५५चा छापखाना मोरेटस घराण्यानं पिढ्यानपिढ्या चालवला, १८७६ साली शहरानं तो विकत घेतला आणि लगेच संग्रहालय झालं. गॅरामाँडनं कोरलेले पोलादी पंच (टोकावर अक्षर कोरलेल्या कांड्या), ते तांब्याच्या तुकड्यात ठोकून केलेले अक्षरं ओतायचे साचे, शिवाय छापखान्याच्या हिशेबवह्या, सगळं एकाच वास्तूत. कागदावर शाई पसरते, अक्षर जाडावतं. कारागिराला रेघ किती बारीक हवी होती ते पंचावरच कळतं. आणि तो पंच कोणाचा, याला आधार जुन्या यादीचा. म्हणूनच धातू एका संस्थेत आणि कागद दुसरीकडे अशी वाटणी झालेली मला सहन होत नाही.

मोनोटाइप या टाइप बनवणाऱ्या कंपनीचा १९२२चा गॅरामाँड जानोंच्या अक्षरांवरूनच काढलेला आहे. नाव अजून तेच. जानोंला श्रेय मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

संग्रह सांभाळणाऱ्यांना एक विनंती: नमुनापत्र स्कॅन करताना शेजारी मोजपट्टी ठेवा. पडद्यावर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, पण खिळा, म्हणजे छपाईचं धातूचं अक्षर, मुळात केवढा होता हे मोजपट्टीशिवाय कळत नाही.