बिनसाखरेच्या वड्या आणि तो खजूर

सुकामेव्याच्या वड्यांची कुठलीही कृती काढा, खजुराच्या वाट्याला एकच ओळ येते: ‘खजूर मिक्सरमधून फिरवून घ्या.’ बदाम किती भाजायचे यावर परिच्छेदच्या परिच्छेद, वेलची कधी घालायची यावर चर्चा, आणि ज्याच्यावाचून सगळं अडतं त्याची एका ओळीत बोळवण! म्हणून हे लिहायला बसले.

बदाम, काजू, अक्रोड मंद आचेवर भाजले, गार केले, जाडसर भरड काढली. इथपर्यंत काही अवघड नाही. (गरम असताना फिरवू नका, तेल सुटतं.)

मग खजूर. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘सीडलेस’, आतला माल मात्र चिवट. मिक्सर सुरू करताच खाटकन आवाज आला. बी! सीडलेसचे जादा पैसे मोजून वर पुन्हा बी. उरलेला सगळा खजूर एकेक करून चिरून बघितला. हे तसंही कराच, बिया असोत-नसोत. कधीकधी आत काळी भुकटी किंवा कीड असते आणि वरून काही कळत नाही.

पुन्हा फिरवला. आता पात्याभोवती एक गोळा जमला आणि पात्यासकट गरगरू लागला. कडेचे तुकडे जसेच्या तसे. झाकण काढा, चमच्याने खरवडा, परत लावा, तो आपला पुन्हा पात्याला मिठी मारून बसलेला. शेवटी जळका वास आला आणि मिक्सर बंदच पडला.

असं झालं तर लगेच दुरुस्तीच्या दुकानात धावू नका. बऱ्याच मिक्सरना तळाशी एक लाल बटण असतं. प्लग काढायचा, मशीन गार होऊ द्यायचं आणि ते बटण दाबायचं. हा शोध आमच्या मामंजींनी लावला आणि रात्रीपर्यंत येईल त्याला सांगितला.

‘खजूर पाण्यात भिजवा’ असाही सल्ला सर्रास मिळतो. लगेच खायचं असेल तर ठीक. पण डब्यात भरून ठेवायच्या वड्यांत पाणी गेलं की त्या चिकट होतात, बाहेर ठेवल्या तर बुरशी धरते.

मी चिडून चमचा आपटला तेव्हा सासूबाई आत आल्या. म्हणाल्या, “अगं, मिक्सर कशाला हवाय त्याला? कढईत तूप घाल आणि घोट.”

घोटला. पाव किलो खजुराला मोठा चमचाभर तूप, आच अगदी मंद. आधी नुसतेच तुकडे इकडून तिकडे होतात, काही घडतच नाही. मग सालं सुरकुततात, कडा चकाकायला लागतात, आणि पावभाजीच्या मॅशरने दाबलं की तुकडे एकमेकांत मिसळत जातात. पुरणासारखा गोळा कढई सोडायला लागला की गॅस बंद. मिक्सरशी जेवढा वेळ झटापट केली, त्याच्या निम्म्याही वेळात झालं. खजूर फारच वाळलेला असेल तर आधी चाळणीत ठेवून पाच मिनिटं वाफवा.

या गोळ्यात दीडशे ते दोनशे ग्रॅम भरड, वेलची, किंचित जायफळ. अंजीर घालणार असाल तर देठ कापून बारीक चिरून खजुराबरोबरच कढईत टाका. कोमट असतानाच हाताला तूप लावून वळकटी करायची, भाजलेल्या खसखशीत लोळवायची, बटर पेपरमध्ये गुंडाळून तासभर फ्रिजमध्ये. मग सुरीला तूप लावून चकत्या. सुंदर पडतात. माझ्या तर दुकानातल्यापेक्षा सुबक पडल्या, हे मीच सांगते.

‘शुगर फ्री’ म्हणून मिरवू मात्र नका. खजुराच्या वजनात जवळजवळ दोनतृतीयांश साखरच असते, फक्त ती आपण वरून घातलेली नसते. मामंजींना मधुमेह आहे. त्यांना एक छोटी चकती मिळते आणि दुसरीसाठी ते लाल बटणाची आठवण करून देतात.

हो, अक्रोड घेताना दुकानातच एक खाऊन बघा. एक खवट निघाला तर अख्ख्या घाण्याला तोच वास येतो, आणि मग वेलची कितीही घाला, झाकला जात नाही.